बंधुसभांचीं मंदिरें आणि नळ्यांचा ऑर्गन

संगीतशास्त्राच्या ग्रंथांतून वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग सांगितले आहेत. पण व्यवहाराच्या दृष्टीनें आणखीही एक विभागणी करतां येईल. कांहीं वाद्यें माणसाबरोबर चालतात, आणि कांहीं वाद्यांसाठीं माणसालाच त्यांच्या घरीं जावें लागतें. वारकऱ्याची वीणा आणि गोंधळ्याचें संबळ हीं पहिल्या वर्गांतलीं. नळ्यांचा ऑर्गन हा दुसऱ्या वर्गाचा राजा होय. तो विकत आणून कोपऱ्यांत ठेवतां येत नाहीं; त्याच्यासाठीं भिंत, सज्जा आणि छत यांचा आधींपासून विचार करावा लागतो, आणि एकदां तो बसविला कीं तो इमारतीचाच एक अवयव होऊन राहतो. अशा वाद्याचा सांभाळ एकट्यादुकट्याच्या हातून होत नाहीं. त्याला पाठीशीं एखादी संस्था लागते.

युरोपांत ही संस्था बहुधा ख्रिस्ती देऊळ असे. परंतु अठराव्या शतकापासून दुसऱ्याही एका प्रकारच्या घरांनीं ऑर्गनला आश्रय दिला. फ्रीमेसन आणि त्यांच्यासारख्या बंधुसभांचीं तीं घरें होत. त्यांचे दरवाजे बंद असत, विधि गुप्त असत, आणि त्या बंद दरवाजांच्या आंत जगांतील सर्वांत मोठ्या आवाजाचें वाद्य वाजत असे. या विसंगतीचा इतिहास मनोरंजक आहे, आणि महाराष्ट्राशीं त्याचा जो संबंध आला तो अधिकच विचार करण्याजोगा आहे.

प्रथम वाद्याचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. ऑर्गन म्हणजे मुळांत पुष्कळशा बासऱ्यांचा समुदाय. खालीं भाता असतो. भात्यानें भरलेला वारा एका लाकडी पेटींत सारख्या दाबानें सांठविला जातो. आणि त्या पेटीवर लाकडाच्या व धातूच्या नळ्या रांगेनें उभ्या केलेल्या असतात. वाजविणाऱ्यानें पट्टी दाबली कीं एका नळीखालचें दार उघडतें आणि ती बोलूं लागते. खुंटी ओढली कीं एका जातीच्या नळ्यांची अख्खी रांग बोलण्यास सिद्ध होते. स्वराची उंची नळीच्या लांबीवर अवलंबून असते. दोन्ही टोकें उघडी असलेली सुमारें ८ फूट लांबीची नळी जो स्वर देते, त्याच्या खालच्या सप्तकांतला तोच स्वर हवा असेल तर १६ फुटांची नळी लागते, आणि त्याच्याही खालीं जावयाचें तर ३२ फुटांची. प्रत्येक नळीला एकच स्वर आणि एकच ढंग. म्हणून मोठ्या ऑर्गनमध्यें नळ्यांची संख्या सहज हजारांवर जाते.

या वाद्याचा एक गुण दुसऱ्या कोणत्याही वाद्यांत नाहीं. गवयाचा श्वास संपतो, बासरीवाल्याचाही संपतो, सतारीची तार छेडल्यापासूनच मंदावूं लागते. ऑर्गनचा स्वर मात्र पट्टीवर बोट असेपर्यंत जसाच्या तसा उभा राहतो. विजेचे पंखे येण्यापूर्वीं त्या अखंड स्वराच्या पाठीमागें भाता हालविणारा एक मजूर घाम गाळीत असे. तो पडद्याआड उभा असे आणि ऐकणाऱ्यांस तो दिसत नसे.

या वाद्याचा जन्म ख्रिस्ती धर्माहून जुना आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील क्टेसिबियस नांवाच्या यंत्रज्ञानें पाण्याच्या दाबानें वारा स्थिर राखणारा ऑर्गन सिद्ध केला, असें प्राचीन ग्रंथकार सांगतात. सन ७५७ मध्यें कॉन्स्टंटिनोपलच्या बादशहानें फ्रँक लोकांचा राजा पेपिन यास एक ऑर्गन नजर केला, आणि त्यानंतर पश्चिम युरोपांत तो हळूहळू देवळांत शिरला. हिंदुस्थानांतही तो प्रथम आला तो राजदरबाराच्या वाटेनें. अकबर बादशहानें हाजी हबीबुल्ला यास गोव्यास पाठविलें होतें. तिकडून आणलेल्या अपूर्व वस्तूंमध्यें एक ऑर्गन होता. १५८० च्या सुमारास तो दरबारांत दाखविण्यांत आला, आणि इतिहासकार बदायुनी यानें त्याचें वर्णन करून ठेवलें आहे. मनुष्यभर उंचीची पेटी, आंत बसून वाजविणारा एक फिरंगी, आणि बाहेर मोरपिसांपाशीं बोटें चालविणारे दोघे, असा तो देखावा होता. त्यानंतर सुमारें दोन शतकांनीं टिपू सुलतानाच्या पदरच्या कारागिरांनीं एका लांकडी वाघाच्या पोटांत लहानसा नळ्यांचा ऑर्गन बसविला. वाघ एका गोऱ्या शिपायाच्या उरावर बसला आहे, मूठ फिरविली कीं वाघ गुरगुरतो आणि शिपाई कण्हतो, अशी त्याची रचना आहे. १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण पडलें तेव्हां तो वाघ इंग्रजांच्या हातीं लागला, आणि आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहे. एकंदरींत ऑर्गन ही वस्तु हिंदुस्थानाला अगदींच अपरिचित नव्हती. पण येथें ती नवलाची वस्तु म्हणून आली; नित्याचें वाद्य म्हणून तिला घर मिळालें नाहीं.

आतां बंधुसभांकडे वळावें. २४ जून १७१७ रोजीं लंडनमधील चार लॉजांनीं एकत्र येऊन आपली महासभा स्थापन केली, असें फ्रीमेसन मंडळी मानतात. पाथरवटांच्या जुन्या संघांतील गुण्या, कंपास आणि करणी हीं हत्यारें त्यांनीं नीतीचीं चिन्हें म्हणून स्वीकारिलीं. सभासदाचा धर्म कोणताही असो, त्यानें एका परमेश्वरास मानावें, आणि सभेंत धर्म व राजकारण यांवर वाद घालूं नये, असा त्यांचा दंडक. अशा सभेला गाण्याची गरज कां भासली, हें समजणें कठीण नाहीं. ज्या मंडळींचे धर्मग्रंथ निरनिराळे आहेत, त्यांना एकत्र म्हणण्यासाठीं सर्वांना मान्य अशी प्रार्थना सांपडणें अवघड. पण एका स्वराखालीं सर्वांना उभें राहतां येतें. सभा उघडतांना गीत, बंद करतांना गीत, नव्या सभासदास आंत आणतांना संथ वादन, अशी रीत पडली. आणि लॉजच्या अधिकाऱ्यांत ऑर्गन वाजविणाराची जागा मानाची ठरली. १८१२ सालीं इंग्लंडच्या महासभेनें सॅम्युअल वेस्ली या नामांकित संगीतकारास आपला पहिला महा-ऑर्गनवादक नेमलें.

व्हिएन्ना शहरीं तर याहूनही मोठा पुरुष या कामीं लागला होता. मोझार्टनें १४ डिसेंबर १७८४ रोजीं फ्रीमेसनची दीक्षा घेतली. पुढील वर्षाच्या अखेरीस सम्राट दुसरा जोसेफ यानें हुकूम काढून राजधानींतील लॉजांची संख्या कमी केली, आणि पुष्कळ लॉजांना एकमेकांत मिसळावें लागलें. त्या नव्या एकत्र सभेच्या प्रारंभासाठीं आणि समाप्तीसाठीं मोझार्टनें दोन गीतें रचलीं. एकट्या गवयासाठीं, पुरुषांच्या मेळासाठीं आणि साथीला ऑर्गन. नोव्हेंबर १७९१ मध्यें आपल्या लॉजच्या नव्या दालनाच्या उद्घाटनासाठीं त्यानें एक लहान संगीतिका लिहिली आणि स्वतः चालविली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आंतच, ५ डिसेंबर रोजीं, तो मरण पावला.

हिंदुस्थानांत हा पंथ कंपनीच्या नोकरांबरोबर आला. कलकत्त्यास १७३० च्या सुमारास आणि मुंबईस १७५८ मध्यें लॉज निघालें. इकडच्या लोकांना त्या बंद घराचें मोठें गूढ वाटे. कोणी त्याला जादूघर म्हणे. फारसी जाणणाऱ्यांत त्याचें नांव फरामोशखाना, म्हणजे विसराचें घर, असें पडलें. आंत गेलेला मनुष्य पाहिलेलें सारें विसरून बाहेर येतो, ही त्यामागची कल्पना. प्रश्न होता तो आंत जाण्याचा. सर्व मानव बंधु, हें तत्त्व भिंतीवर लिहिलेलें असलें, तरी हिंदी मनुष्यासाठीं दार उघडावें कीं नाहीं, याविषयीं गोऱ्या सभासदांत तीव्र मतभेद होते. मुंबईचे पारशी गृहस्थ माणकजी खरसेटजी यांस येथें प्रवेश मिळाला नाहीं. त्यांनीं युरोपांत जाऊन पॅरिस येथें दीक्षा घेतली. परत आल्यावर डॉक्टर जेम्स बर्न्स यांच्या पुढाकारानें १५ डिसेंबर १८४३ रोजीं 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' नांवाचें लॉज हिंदी लोकांसाठीं निघालें, आणि माणकजी त्याचे चिटणीस झाले. हेच माणकजी पुढें १८६३ मध्यें मुलींसाठीं अलेक्झांड्रा नांवाची इंग्रजी शाळा काढणारे होत. हिंदु मनुष्यासाठीं दार उघडण्यास याहूनही अधिक काळ लागला. अनेक देवांस मानणाऱ्यानें एका परमेश्वराची शपथ कशी घ्यावी, असा आक्षेप काढण्यांत येई. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्तांनीं या आक्षेपाशीं कित्येक वर्षें झगडून १८७२ मध्यें प्रवेश मिळविला.

याच काळांत मुंबईंत मराठी मंडळींचीही एक गुप्त बंधुसभा होती, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. १८४९ मध्यें दादोबा पांडुरंग, त्यांचे बंधु आत्माराम पांडुरंग आदि सुशिक्षितांनीं परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मानणार नाहीं, अशी प्रतिज्ञा सभासदास करावी लागे, आणि तिची खूण म्हणून ख्रिस्ती भटारखान्यांतला पाव खावा लागे. सभा गुप्तपणें भरे. सभासदांचीं नांवें बाहेर फुटूं नयेत याची खबरदारी घेतली जाई. लॉज आणि ही सभा यांची तुलना उद्बोधक आहे. लॉजमध्यें निरनिराळ्या धर्मांचे लोक एका दालनांत बसत, पण हिंदुस्थानांत त्यांची पंगत बसणें जातीच्या बंधनांमुळें कठीण होई. किपलिंगनें लाहोरच्या आपल्या लॉजवर जी कविता लिहिली, तिच्यांतही हा उल्लेख आहे. परमहंस सभेनें उलट पंगतीपासूनच आरंभ केला. तिच्यापाशीं भव्य दालन नव्हतें, ऑर्गन नव्हता. सारा भार त्या पावाच्या तुकड्यावर होता. आणि म्हणूनच १८६० मध्यें सभासदांची यादी बाहेर फुटली तेव्हां सभा कोसळली. पण तिच्यांतल्या माणसांनीं धडा घेतला. ३१ मार्च १८६७ रोजीं प्रार्थना समाज निघाला, आत्माराम पांडुरंग त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि त्यानें आपलें काम उघड्या दारानें चालविलें. भजन आणि कीर्तन हे त्याच्या उपासनेचे भाग बनले. जें गातां येतें तें लपवून ठेवण्याचें कारण उरत नाहीं.

इकडे पाश्चात्य देशांत बंधुसभांचीं घरें मोठीं होत चाललीं होतीं. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून एक नवी पद्धत रूढ झाली. 'स्कॉटिश राइट' या शाखेच्या वरच्या पायऱ्यांची दीक्षा रंगभूमीवर नाट्यरूपानें देण्यांत येऊं लागली. रंगविलेले पडदे, पोषाख, प्रकाशयोजना आणि शेंकडों प्रेक्षक. अशा दालनांत प्रसंगाला रंग भरण्यासाठीं ऑर्गन अपरिहार्य झाला, आणि १९०० ते १९३० या काळांत अमेरिकेच्या गांवोगांवच्या बंधुसभांनीं स्किनर, ऑस्टिन, किंबॉल यांसारख्या नामांकित कारखानदारांकडून प्रचंड ऑर्गन करवून घेतले. शिकागोचें मेदिना टेंपल १९१२ मध्यें बांधून झालें. तें श्राइनर नांवाच्या बंधुसभेचें घर. बाहेरून अरबी घाटाचें, आंत हजारों माणसांची सोय. १९१५ मध्यें तेथें ऑस्टिन कंपनीचा ऑर्गन बसविण्यांत आला. त्या दालनाचा नाद इतका उत्तम कीं शिकागोच्या वाद्यवृंदानें आपल्या कित्येक ध्वनिमुद्रिका तेथेंच केल्या.

लंडनमध्यें पहिल्या महायुद्धांत कामास आलेल्या सभासदांच्या स्मरणार्थ १९२७ पासून सहा वर्षें खपून नवा फ्रीमेसन्स हॉल उभारण्यांत आला. १९३३ मध्यें त्याचें अर्पण झालें. त्याच्या मुख्य दालनांत सुमारें १,७०० माणसें बसतात. त्याच वर्षीं तेथें हेन्री विलिस आणि सन्स यांच्या कारखान्याचा तीन पट्टीपंक्तींचा ऑर्गन बसला. मृतांच्या स्मारकांत अखंड स्वराचें वाद्य असावें, यांत मोठें औचित्य होतें.

या दोन ऑर्गनांचें पुढें काय झालें, तें पाहण्यासारखें आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील बंधुसभांची सभासदसंख्या कांहीं वर्षें वाढली आणि नंतर ओसरत गेली. मोठीं घरें पोसणें जड झालें. शिकागोचें मेदिना टेंपल विकलें गेलें. नगरवासीयांच्या चळवळीमुळें इमारत पाडली गेली नाहीं. पण तिच्या आंतलें दालन गेलें, २००१ मध्यें ऑर्गन उतरविण्यांत आला, आणि १९१२ च्या त्या मंदिराचें २००३ मध्यें दुकान झालें. लंडनच्या ऑर्गनचें दैव निराळें. ऐंशी वर्षांच्या वापरानें त्याचें कातडें फाटलें होतें, सांधे सैल झाले होते. महासभेनें तो उतरवून मँडर यांच्या कारखान्यांत दुरुस्त करविला, आणि २०१५ मध्यें तो पुन्हां वाजूं लागला. पुढें त्याच्या वादनाच्या सभा सर्वांसाठीं खुल्या झाल्या. ज्या दालनाचें नांव एके काळीं विसराचें घर पडलें होतें, त्या जातीच्या दालनांत आतां वाटसरूही जाऊन बसूं लागला. इमारतीची भिंत वांचविणें आणि तिच्यांतला आवाज वांचविणें हीं दोन निराळीं कामें आहेत, आणि दुसरें काम माणसांच्या नित्य वापरावांचून होत नाहीं, हें या दोन उदाहरणांवरून दिसतें.

परंतु प्रत्येक लॉजला असा ऑर्गन परवडत नसे. बहुसंख्य लॉजें लहान. पन्नाससाठ माणसांचें दालन. त्यांच्यासाठीं एकोणिसाव्या शतकानें दुसरें वाद्य निर्माण केलें. १८४० च्या सुमारास पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें यानें हार्मोनियम नांवाचें वाद्य सिद्ध केलें. यांत नळ्या नाहींत. वाऱ्याच्या झोतांत थरथरणारी लहानशी पितळी पत्तीच स्वर देते. आठ फुटांच्या नळीचें काम बोटभर पत्ती करूं लागली, आणि घरावांचून ऑर्गन संभवनीय झाला. अमेरिकेंत याचाच एक भाऊ निघाला. त्यांत भाता वारा बाहेर न लोटतां आंत ओढून घेतो, त्यामुळें आवाज अधिक गोल आणि सौम्य येतो. मराठी रंगभूमीला 'ऑर्गन' या नांवानें जें वाद्य परिचित आहे तें हेंच. लहान वाद्य म्हणून त्याची प्रतिष्ठा कमी मानण्याचें कारण नाहीं. फिन्लंडचा थोर संगीतकार सिबेलियस १९२२ मध्यें हेलसिंकीच्या लॉजमध्यें दाखल झाला आणि तेथील ऑर्गनवादक बनला. लॉजच्या विधींसाठीं त्यानें जें संगीत रचून १९२७ मध्यें दिलें, तें गवई आणि हार्मोनियम यांच्यासाठीं होतें.

महाराष्ट्रांत नळ्यांचा ऑर्गन कांहीं ख्रिस्ती देवळांत बसला. मुंबईचें सेंट टॉमस कॅथीड्रल आणि कुलाब्याचें अफगाण चर्च हीं त्यांतील प्रमुख. पण तो त्यांच्याबाहेर फारसा गेला नाहीं. कोंकणपट्टीची दमट हवा लांकूड फुगविते, भात्याचें कातडें खाते, वाळवी तर टपलेलीच. हवा तापली कीं नळ्यांचा स्वर चढतो, आणि निरनिराळ्या जातींच्या नळ्या सारख्या चढत नाहींत. जाणत्या कारागिराचा हात वरचेवर लागला नाहीं तर असें वाद्य येथें मुकें होतें. पत्तीच्या पेटीला ही भीति बेताची. १८७५ मध्यें निघालेल्या कलकत्त्याच्या द्वारकिन कंपनीचे संस्थापक द्वारकानाथ घोष यांनीं पुढें मांडी घालून वाजवितां येईल अशी हातपेटी प्रचारांत आणली, आणि त्यामुळें तर तिचा मार्ग अगदींच मोकळा झाला. एका हातानें भाता, दुसऱ्यानें पट्ट्या. पडद्याआडच्या मजुराची गरज उरली नाहीं. वाजविणारा आणि वारा घालणारा एकच झाला.

मराठी माणसानें मात्र या वाद्याला आपलें असें एक दालन मिळवून दिलें, आणि तें म्हणजे नाट्यगृह. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाचा पहिला प्रयोग झाला आणि संगीत रंगभूमीचा काळ सुरू झाला. पुढें गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कसबी हातांनीं पेटीला प्रतिष्ठा आणली. १९११ च्या मानापमानाच्या चाली त्यांच्याच. १९१३ मध्यें बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. तिच्या वैभवाच्या काळांत रंगमंचापुढें कादरबक्षांची सारंगी, अहमदजान थिरकवांचा तबला आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन अशी साथ ऐकूं येई. नाटक कंपनी हीही आपल्या परीनें एक बंधुसभाच होती. एकत्र बिऱ्हाड, एकत्र प्रवास, ठरलेले अधिकार, आणि रंगमंचाच्या पूजेपासून नांदीपर्यंतचे विधि. अमेरिकेंत बंधुसभा नाटकगृहाचें रूप घेत होती त्याच सुमारास महाराष्ट्रांत नाटक मंडळी बंधुसभेसारखी नांदत होती, आणि दोन्हीं ठिकाणीं पडदा उघडण्यापूर्वींचा पहिला अखंड स्वर ऑर्गनचा असे. भेद इतकाच कीं येथें तिकीट काढणारा कोणीही मनुष्य आंत येऊन बसे. हिंदु गायकनट, मुसलमान सारंगिये आणि तबलिये, आणि सर्व जातींचा श्रोतृवर्ग, या सर्वांवर एकच षड्ज पसरे. त्यासाठीं कोणाला दीक्षा घ्यावी लागत नसे.

या वाद्यावर आक्षेप आले नाहींत असें नाहीं. त्याच्या बारा पट्ट्यांचें अंतर सारखें केलेलें असतें, आणि कंठाची श्रुति तशी नसते. सप्तकाचे १,२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर पट्टीचा शुद्ध गांधार स्वाभाविक गांधाराहून सुमारें १४ भागांनीं चढा पडतो. तयार कानाला तें खटकतें. शिवाय पट्टीवर मींड निघत नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० मध्यें बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साहाय्यानें श्रुति-हार्मोनियम करवून घेण्यापर्यंत मजल मारली. दोष वाद्याचा आहे तर वाद्य सुधारूं, अशी त्यांची दृष्टि होती. नभोवाणीनें दुसरा मार्ग धरला. दिल्लीस पाश्चात्य संगीताचे प्रमुख असलेले जॉन फोल्ड्स यांनीं १९३८ मध्यें हार्मोनियमवर कडक टीका केली. रवींद्रनाथांनींही जानेवारी १९४० मध्यें या वाद्याविरुद्ध कौल दिला. आणि १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली. स्वराज्य आलें तरी बंदी राहिली. पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळांत नभोवाणीमंत्री होते. त्यांच्याही कारकीर्दींत ती उठली नाहीं. १९७१ नंतर ती हळूहळू सैल झाली.

त्या तीस वर्षांत पेटी मेली काय? नाहीं. सरकारी ध्वनिक्षेपकाचें दार तिला बंद होतें, पण नाट्यगृहाचें, देवळाचें आणि चावडीचें दार उघडें होतें. गोविंदराव पटवर्धनांसारख्या वादकांनीं याच काळांत ऑर्गन आणि पेटी यांची साथ अशा उंचीला नेली कीं आक्षेपकांसही ती ऐकावी लागली. आक्षेप शास्त्राच्या दृष्टीनें खोटा नव्हता. परंतु वाद्याचें आयुष्य शास्त्र एकटें ठरवीत नाहीं. त्याच्याभोंवतीं कोण आणि किती माणसें जमतात, यावर तें ठरतें. परदेशी पायपेट्या यावयाच्या थांबल्यावर जुन्या ऑर्गनांची डागडुजी करीत नाट्यसंगीताचे भक्त दिवस काढीत होते. अलीकडे कोंकणांतील कारागिराच्या हातून हा ऑर्गन नव्यानें घडूंही लागला आहे.

पुण्याच्या ईशान्येस, शिरूर तालुक्यांत, कवठे येमाई म्हणून गांव आहे. येमाई देवीच्या नांवानेंच तें ओळखलें जातें. अशा गांवांतून भजनाला बसणाऱ्या मंडळींच्या पुढ्यांत जी पेटी असते, तिचा वंशवृक्ष पाहूं गेल्यास तो केवढा दूरवर पसरतो! अलेक्झांड्रियाचा यंत्रज्ञ, कॉन्स्टंटिनोपलचा बादशहा, व्हिएन्नाच्या लॉजमधला मोझार्ट, पॅरिसचा दबें, कलकत्त्याचे घोष, आणि रंगमंचापुढचे देशपांडे. बत्तीस फुटांच्या नळीपासून बोटभर पत्तीपर्यंत हा प्रवास झाला. त्यांत नादाचें कांहीं गांभीर्य हरपलें, हें मान्य केलें पाहिजे. सेंट टॉमसच्या छताखालीं घुमणारा खर्ज हातपेटींत नाहीं. पण त्या बदल्यांत जें मिळालें तें लहान नाहीं.

फ्रीमेसनांच्या इमारती आजही मुंबई-पुण्यांत उभ्या आहेत. २४ नोव्हेंबर १९६१ पासून भारताची स्वतंत्र महासभा आहे, आणि तिच्या लॉजांत सर्व धर्मांचे लोक बसतात. माणकजींना ज्या दारासाठीं पॅरिस गांठावें लागलें तें दार केव्हांच उघडलें. त्या दालनांनीं बंधुत्वाचा अभ्यास कांहीं निवडक माणसांकडून करवून घेतला, आणि त्यांत संगीताचा वांटा मोठा होता, हें ऋण नाकारतां येत नाहीं. परंतु परमहंस सभेच्या मंडळींना जें उमगलें, आणि शिकागोच्या मंडळींना जें फार उशीरां उमगलें, तें हें कीं बंद दाराआडचा स्वर दाराच्या आयुष्याएवढाच जगतो. लंडनचा ऑर्गन दुरुस्त झाला तो सभासदांनीं पदरमोड केली म्हणून. तो ऐकला जातो तो त्यांनीं बाहेरच्यांस आंत घेतलें म्हणून. कोणाही बंधुसभेनें, मग ती लॉज असो, नाटक मंडळी असो वा गांवचें भजनी मंडळ असो, आपल्या जुन्या वाद्याचा विचार करतांना या दोन्ही गोष्टी एकदमच ध्यानांत ठेविल्या पाहिजेत. भात्याला हात लावणारा कोणीतरी हवा, आणि दार उघडें हवें.